मराठी नियतकालिकाच्या संकेतस्थळासाठी संपादकांचा साप्ताहिक डॅशबोर्ड कसा बांधावा?

अंक_आणि_आकडे (प्रश्न)

नमस्कार. एका मराठी वेब-नियतकालिकाची तांत्रिक बाजू मी सांभाळते. संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे, जुने अंक धरून काही हजार पाने आहेत आणि दिवाळीच्या सुमारास वाचकांची गर्दी एकदम वाढते. वाचकांची मोजणी करणारे गूगल ॲनालिटिक्स ४ हे साधन टॅग मॅनेजरमधून (संकेतस्थळावर मोजणीचे कोड बसवण्याच्या गूगलच्या साधनातून) बसवलेले आहे. संपादक मंडळाची बैठक सोमवारी असते आणि त्या बैठकीसाठी एका पानावर मावेल असा डॅशबोर्ड मला तयार करायचा आहे.

मंडळाचे प्रश्न ठरलेले आहेत. कोणत्या लेखकाचे लेखन किती वाचले गेले, कथा, समीक्षा, प्रवासवर्णन अशा विभागांपैकी कशामुळे नवे वाचक येतात, आणि लेख उघडणाऱ्यांपैकी किती जण शेवटपर्यंत पोहोचतात, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. लुकर स्टुडिओ या गूगलच्या आलेख-साधनातला तयार साचा लावला की शहरे, उपकरणे आणि ब्राउझर यांचे देखणे आलेख मिळतात, परंतु या तीनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते. लेखांचे वेब-पत्ते (यूआरएल) देवनागरीत असल्यामुळे आणखी एक अडचण येते. माहिती बाहेर काढली की पत्त्याच्या स्तंभात टक्केचिन्हांची लांबलचक रांग येते आणि काही लेख दोन वेगवेगळ्या ओळींत विभागलेले दिसतात. ज्यांनी प्रकाशन किंवा बातमीदारीच्या क्षेत्रात असे काम केले आहे, त्यांनी सुरुवात कोठून करावी हे कृपया सांगावे.

आकडेमोड

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे लुकर स्टुडिओत सापडणार नाहीत, कारण लेखक आणि विभाग ही माहिती मुळात ॲनालिटिक्सपर्यंत पोहोचतच नाही. लेखाविषयी पानाचे शीर्षक आणि पत्ता एवढेच तिथे आपोआप जाते. लेख कोणाचा आहे हे वर्डप्रेसच्या डेटाबेसला ठाऊक असते. म्हणून कामाला सुरुवात डॅशबोर्डकडून न करता लेखाच्या पानाकडून करावी. पान तयार होताना थीममधून डेटा लेयरमध्ये (पानावरची माहिती टॅग मॅनेजरला देणाऱ्या जागेत) लेखाचा क्रमांक, लेखकाचा क्रमांक, विभाग आणि प्रकाशनाची तारीख एवढ्या चार गोष्टी ठेवाव्यात, टॅग मॅनेजरमध्ये त्यांची व्हेरिएबल करावीत, ती 'पेज व्ह्यू' इव्हेंटबरोबर (पान उघडल्याच्या नोंदीबरोबर) पॅरामीटर, म्हणजे जोडमाहिती, म्हणून पाठवावीत आणि मग ॲनालिटिक्सच्या ॲडमिन भागात प्रत्येकाची इव्हेंट-स्तरावरील कस्टम डायमेन्शन (अहवालात वापरायचे स्वतःचे वर्गीकरण) म्हणून नोंदणी करावी. विनामूल्य आवृत्तीत अशी ५० डायमेन्शन मिळतात, तेव्हा जागा पुरेशी आहे. प्रश्न वेळेचा आहे. नोंदणीनंतर जे गोळा होते तेवढेच अहवालात दिसते, मागची माहिती भरून मिळत नाही, आणि आकडे दिसू लागायलाही २४ ते ४८ तास जातात. दिवाळी अंकाची तयारी चालू असेल, तर डॅशबोर्डची मांडणी सावकाश ठरवा, पण नोंदणी आजच उरकून घ्या.

लेखकाचे नाव न पाठवता क्रमांक पाठवा, असे मी मुद्दाम म्हणतो. ज्या आडनावांत 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' येतो ती संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतात: 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, मात्र संगणकाच्या लेखी ती दोन निरनिराळी नावे असतात आणि अहवालात एकाच लेखकाच्या दोन ओळी पडतात. दोन ओळी का पडल्या हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. क्रमांक पाठवला म्हणजे हा घोळ राहत नाही. क्रमांक आणि नाव यांची जोडी एका गूगल शीटमध्ये ठेवून ती लुकर स्टुडिओत जोडता येते. लेखाचे सहलेखक असतील, तर दोन्ही क्रमांक एकाच पॅरामीटरमध्ये स्वल्पविरामाने लिहू नका, कारण ती जोडी म्हणजे तिसराच लेखक ठरते. दुसऱ्या लेखकासाठी वेगळे पॅरामीटर ठेवावे.

देवनागरी पत्त्यांची अडचणही याच वाटेने सुटते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह ३ अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाची ९ अक्षरे होतात. काना, वेलांटी, हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे आहेत. ॲनालिटिक्समध्ये सामान्य पॅरामीटरच्या मूल्याला १०० अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे पत्त्याचा शेवटचा भाग जसाच्या तसा पॅरामीटर म्हणून पाठवला तर ११ चिन्हांनंतर तो कापला जातो. वर्डप्रेस स्वतःही या पत्त्यासाठी २०० अक्षरांचीच जागा राखते, म्हणजे जेमतेम २२ चिन्हे. लांब मथळ्याच्या लेखाचा पत्ता मध्येच तुटलेला दिसतो तो त्यामुळे, आणि 'दिवाळी अंकांची परंपरा' अशा एकसारख्या सुरुवातीच्या मथळ्यांचे पत्ते शेवटच्या आकड्यापुरतेच वेगळे राहतात. आता दोन ओळींविषयी. वर्डप्रेस टक्केचिन्हांपुढची रोमन अक्षरे लहान लिपीत साठवते, पण कोणी ब्राउझरमध्ये थेट देवनागरी पत्ता टंकला तर ब्राउझर तीच अक्षरे मोठ्या लिपीत लिहितो. ॲनालिटिक्स लहान-मोठ्या लिपीत भेद करते आणि एका लेखाचे दोन लेख होतात. लुकर स्टुडिओत 'लोअर' हे फंक्शन वापरून दोन्ही ओळी एकत्र आणता येतील. परंतु लेखाचा क्रमांक हाती असेल तर पत्त्याच्या वाटेला जाण्याचे कारणच उरत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवावी. ज्या डायमेन्शनची एका दिवसात ५०० हून अधिक वेगळी मूल्ये येतात, तिला गूगल 'हाय कार्डिनॅलिटी' मानते, आणि अशी डायमेन्शन घेतलेल्या मोठ्या अहवालांत कमी वाचल्या गेलेल्या ओळी 'अदर' नावाच्या एकाच ओळीत ढकलल्या जाण्याचा धोका असतो. जुने लेख शोधातून वाचले जात असतील, तर दिवाळीत लेखाच्या क्रमांकाबाबत तुमच्याकडे हे घडू शकेल. लेखक आणि विभाग यांची मूल्ये थोडी असल्याने त्यांना हा धोका नाही, म्हणून साप्ताहिक पानावर तीच ठेवावीत.

आता तिसरा प्रश्न. ॲनालिटिक्स 'स्क्रोल' हा इव्हेंट आपोआप नोंदवते, पण तो पानाच्या उंचीचा ९० टक्के भाग ओलांडल्यावर एकदाच नोंदला जातो. तुमच्या पानावर लेखाखाली प्रतिक्रिया, संबंधित लेखांच्या चौकटी आणि तळपट्टी असणारच. ज्या लेखावर भरपूर चर्चा झाली त्याची उंची वाढते, त्यामुळे लेख पूर्ण वाचणारा वाचकही ९० टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे गाजलेला लेख अहवालात अर्धवट वाचला गेल्यासारखा दिसतो. त्याऐवजी लेखाच्या शेवटच्या परिच्छेदानंतर एक रिकामा घटक ठेवावा, टॅग मॅनेजरमधील 'एलिमेंट व्हिजिबिलिटी' ट्रिगर त्यावर लावावा आणि तो पडद्यावर आला की 'लेख संपला' असा स्वतःचा इव्हेंट त्याच चार पॅरामीटरांसह पाठवावा. कोणी सरसर खाली सरकून गेल्यास तेही मोजले जाईल, म्हणून पान उघडल्यापासून किमान काही वेळ गेल्याची अट जोडावी. किती वेळ, हे लेखाच्या शब्दसंख्येवरून ठरवणे मला योग्य वाटते. कवितेला आणि दीर्घकथेला एकच अट लावली, तर त्या आकड्याला काही अर्थ राहणार नाही.

तळटीप

वरील उत्तरातील माहिती गोळा करण्याच्या भागाशी मी सहमत आहे, परंतु त्यापुढे लुकर स्टुडिओ अपरिहार्य आहे असे मला वाटत नाही. कस्टम डायमेन्शन नोंदवल्या की ॲनालिटिक्सच्या 'रिपोर्ट्स' विभागातील 'लायब्ररी'मध्ये जाऊन स्वतःचा तपशीलवार अहवाल तयार करता येतो, त्यात लेखक किंवा विभाग ही मुख्य डायमेन्शन ठेवता येते, नको असलेले स्तंभ काढता येतात आणि तो संग्रहात घालून प्रकाशित केला की ज्यांना पाहण्याचा अधिकार आहे त्या सर्वांना डावीकडच्या यादीत दिसू लागतो. त्यासाठी तुमच्याकडे 'एडिटर' किंवा त्यावरचा अधिकार हवा. वेगळे साधन नाही, वेगळी जोडणी नाही आणि आकडे दोन ठिकाणी जुळवत बसण्याचे कामही नाही.

'एक्सप्लोर' विभाग हा एखाद्या प्रश्नाच्या मुळाशी जाण्यासाठी आहे, दर आठवड्याला दाखवण्यासाठी नाही, हेही लक्षात घ्यावे. नव्या वाचकाने पहिला लेख कोणता उघडला आणि तिथून तो कोठे गेला, हे 'पाथ एक्सप्लोरेशन'मध्ये उत्तम कळते. तो वापरणार असाल, तर ॲडमिनमधील डेटा रिटेन्शनची मुदत आधी पाहा. ती मूळात २ महिने असते आणि विनामूल्य आवृत्तीत १४ महिन्यांपर्यंत वाढवता येते. मुदत संपून पुसले गेलेले तपशील नंतर कोणत्याही उपायाने परत मिळत नाहीत.

अंक_आणि_आकडे

दोघांचेही मनापासून आभार. लेखकांच्या क्रमांकांचा मुद्दा अगदी पटला. आमच्या यादीत 'ऱ्ह' असलेली आडनावे आहेतच. लायब्ररीचा मार्ग मला सोयीचा वाटतो, पण आमचे संपादक ॲनालिटिक्स उघडणार नाहीत. त्यांना बैठकीआधी ई-मेलने पीडीएफ हवी असते आणि ती सोय लुकर स्टुडिओत आहे, म्हणून तिकडेच जावे लागेल.

दोन शंका उरल्या आहेत. चार आठवड्यांच्या वाचकसंख्यांची बेरीज आणि महिन्याची वाचकसंख्या जुळत नाही, आणि सर्च कन्सोलमधील (गूगल शोधातून आलेल्या वाचकांचे आकडे देणाऱ्या साधनातील) क्लिक ॲनालिटिक्सच्या आकड्यांशी कधीच जुळत नाहीत. हे मंडळाला कसे समजवावे? आणि 'मागील वर्षाशी तुलना' हा पर्याय निवडला की ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आलेख विचित्र दिसतात. त्यावर उपाय आहे का?

मोजपट्टी

वाचकसंख्या बेरजेने जुळणारच नाही. एखादी वाचक चारही आठवड्यांत आली, तर ती प्रत्येक आठवड्यात एकदा मोजली जाते आणि महिन्याच्या संख्येतही एकदाच मोजली जाते. पाहिलेली पाने आणि इव्हेंट यांची बेरीज करता येते, वाचकांची येत नाही. शिवाय ॲनालिटिक्स वाचकसंख्या एकेक मोजत नाही, 'हायपरलॉगलॉग' या पद्धतीने तिचा अंदाज काढते, त्यामुळे थोडासा फरक त्यातूनही येतो. मंडळासाठी मी साप्ताहिक आणि मासिक वाचकसंख्या एकाच पानावर ठेवणारच नाही. एक कालावधी ठरवावा आणि त्यालाच चिकटून राहावे.

सर्च कन्सोलचे क्लिक आणि ॲनालिटिक्समधील सेशन (वाचकाची एक भेट) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लिक शोधाच्या पानावर नोंदला जातो, सेशन तुमच्या पानावरील कोड चालल्यावर सुरू होते. मधल्या मध्ये पान उघडण्याआधीच परत फिरणारे आणि जाहिराती अडवणारी साधने वापरणारे वाचक गळतात. त्याहून कमी लोकांच्या लक्षात येणारे कारण दिवसाच्या हद्दीचे आहे. सर्च कन्सोलच्या अहवालातील तारखा पॅसिफिक वेळेनुसार असतात आणि भारतीय वेळ त्याच्या साडेबारा किंवा साडेतेरा तास पुढे असते. म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी झालेले क्लिक तिथे रविवारच्या खात्यात पडतात. दिवसनिहाय तुलना त्यामुळे निरर्थक ठरते. आठवड्याच्या पातळीवर निदान कल समजतो. ॲनालिटिक्समधील वेळेचा पट्टा भारताचा आहे ना, हेही एकदा तपासून घ्यावे.

लुकर स्टुडिओत हमखास फसवणारी जागा म्हणजे सरासरी. 'लेख पूर्ण वाचण्याचे प्रमाण' काढताना प्रत्येक ओळीचे प्रमाण काढून मग त्यांची सरासरी घेतली, तर १० वेळा उघडलेल्या कवितेला आणि ५,००० वेळा उघडलेल्या मुलाखतीला सारखेच वजन मिळते. कॅल्क्युलेटेड फील्डमध्ये आधी दोन्ही बाजूंची बेरीज आणि मग भागाकार असे सूत्र लिहावे: पूर्ण वाचनांची बेरीज भागिले उघडलेल्या लेखांची बेरीज.

दिवाळीचे उत्तर पंचांगात आहे. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. तारखेला तारीख लावून केलेल्या तुलनेत एका वर्षाचा ऐन गर्दीचा आठवडा दुसऱ्या वर्षाच्या सुस्त आठवड्यासमोर येतो, आणि कोणीही काही बिघडवलेले नसताना आलेख कोसळलेला दिसतो. एका शीटमध्ये प्रत्येक तारखेपुढे 'लक्ष्मीपूजनापासून किती दिवस' हा आकडा लिहावा, म्हणजे आधीचे दिवस उणे आणि नंतरचे अधिक. ती शीट तारखेवरून ॲनालिटिक्सच्या माहितीशी जोडावी आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर तारखेऐवजी हा आकडा घ्यावा. मग दोन वर्षांचे लक्ष्मीपूजन एकाच उभ्या रेषेवर येते. गणेशोत्सव विशेषांक काढत असाल, तर त्यासाठीही असाच स्तंभ वाढवता येईल.

पान वेगाने उघडावे असे वाटत असेल तर आलेख थोडे ठेवा. लुकर स्टुडिओ प्रत्येक आलेखासाठी ॲनालिटिक्सकडे स्वतंत्र मागणी करतो, एका प्रॉपर्टीकडे (ॲनालिटिक्समधील तुमच्या संकेतस्थळाच्या खात्याकडे) एकाच वेळी १० मागण्यांचीच परवानगी आहे, आणि ती ओलांडली की आलेखाच्या जागी कोट्याची, म्हणजे मर्यादा ओलांडल्याची, चूक दिसते. अगदी पीडीएफ पाठवण्याच्या क्षणीच असे झाले, तर मंडळाला रिकाम्या चौकटी मिळतात. 'एक्स्ट्रॅक्ट डेटा' हा स्रोत वापरून आवश्यक स्तंभ आधीच साठवून ठेवणे हा त्यावरचा सोपा मार्ग आहे. त्याची मर्यादा १०० एमबी आहे आणि तुमच्या कामाला ती पुष्कळ होईल.

दुसरी_बाजू

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. स्वतःचा सर्व्हर असेल, तर माटोमो या वाचक-मोजणीच्या दुसऱ्या साधनाचा विचार करावा. पूर्वी त्याचे नाव पिविक होते, २०१८ पासून ते माटोमो झाले. माहिती तुमच्याच डेटाबेसमध्ये राहते, कस्टम डायमेन्शन मूळ संचातच आहेत, आणि विजेट हवे तसे मांडून प्रत्येक सदस्याला स्वतःचा डॅशबोर्ड करता येतो. कोट्याची आणि 'अदर'मागे काय दडले आहे याची विवंचना पुष्कळ कमी होते. सर्व्हर सांभाळणे, वाहतूक वाढल्यावर अहवालांची पूर्वप्रक्रिया क्रॉनमधून (सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप कामे चालवणाऱ्या सोयीतून) चालवणे आणि 'कस्टम रिपोर्ट्स'सारख्या प्लगइनसाठी पैसे मोजणे, ही त्याची किंमत आहे.

आकडेमोड

माटोमोबद्दल दुमत नाही, पण दिवाळीच्या तोंडावर साधन बदलू नये असे मी म्हणेन. आणखी अधिकार हवे असतील, तर ॲनालिटिक्स बिगक्वेरी या गूगलच्या डेटाबेस-सेवेला जोडणे हा जवळचा मार्ग आहे. विनामूल्य प्रॉपर्टीतून रोज १० लाख इव्हेंटपर्यंत कच्ची माहिती तिथे जाते. जोडणी केल्या दिवसापासूनचीच माहिती जाते, म्हणून तीही लांबणीवर टाकण्यात लाभ नाही. पैसे भरण्याची व्यवस्था न जोडता 'सँडबॉक्स'मध्येच राहिलात, तर तक्ते ६० दिवसांनी आपोआप पुसले जातात. ती व्यवस्था जोडली तरी दरमहा १० जीबी साठवण आणि १ टीबी क्वेरी (तक्त्यांतून माहिती वाचणे) विनामूल्य असल्याने तुमच्यासारख्या संकेतस्थळाचा खर्च नगण्य राहील. लुकर स्टुडिओ मात्र थेट कच्च्या तक्त्यांना जोडू नका. पान उघडणाऱ्या प्रत्येकासाठी सगळे तक्ते पुन्हा वाचले जातात. रात्री एक शेड्यूल्ड क्वेरी चालवून तारीख, लेखक, विभाग, उघडलेले लेख आणि पूर्ण वाचलेले लेख असा लहानसा गोषवारा तयार करावा आणि डॅशबोर्ड त्यावरच उभा करावा.

अंक_आणि_आकडे

शेवटचा प्रश्न विचारते. नोंदणीपूर्वीच्या काळातील लेखकनिहाय आकडे कोणत्याच मार्गाने मिळणार नाहीत का? मंडळ मागच्या दिवाळी अंकाशी तुलना मागणार हे निश्चित आहे.

आकडेमोड

उघडलेल्या लेखांपुरते मिळतील. पूर्ण वाचनाचे मिळणार नाहीत, कारण तो इव्हेंट तेव्हा नव्हता. वर्डप्रेसमधून प्रत्येक लेखाचा पत्ता, लेखकाचा क्रमांक आणि विभाग यांची यादी काढून शीटमध्ये घ्या. वर्डप्रेस पत्ता ज्या सांकेतिक रूपात साठवते त्याच रूपात तो ठेवा, देवनागरीत बदलू नका. यादीत लेखाचा केवळ स्वतःचा पत्ता असतो, पण ॲनालिटिक्समध्ये त्याआधीचे वर्ष-महिना किंवा विभागाचे नावही येते. तुमच्या पर्मालिंकच्या (लेखाच्या पूर्ण, कायमच्या पत्त्याच्या) रचनेप्रमाणे तो भाग शीटमध्ये जोडून घ्यावा लागेल, आणि शेवटची तिरकी रेघही दोन्हीकडे सारखी हवी. मग लुकर स्टुडिओत 'पेज पाथ'वर 'लोअर' लावून ॲनालिटिक्सला डाव्या बाजूला आणि शीटला उजव्या बाजूला ठेवून लेफ्ट जोड द्या, म्हणजे डावीकडच्या सगळ्या ओळी राहतात आणि उजवीकडची जुळेल तेवढीच माहिती त्यांना जोडली जाते. ज्या ओळींना लेखक सापडणार नाही त्या वेगळ्या गाळून पाहा. त्यांत मुखपृष्ठ आणि विभागांची पाने असतील, आणि प्रकाशनानंतर पत्ता बदललेले काही लेखही निघतील. त्यांचे जुने पत्ते वर्डप्रेसच्या पोस्टमेटा तक्त्यात साठवलेले असतात, तेवढे शीटमध्ये हाताने भरावे लागतील.